तुझं नाव आधी

किदावाने पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा तिला माणूस दिसलाच नाही. दिसला तो एक निळा रबरी बूट — आणि तोही नेमका तिच्या फरशीच्या तुकड्यावर.

"पाय! आधी पाय उचला!"

बूट घाईघाईने वर गेला. बुटाच्या वर दुमडलेली विजार, विजारीच्या वर खारं पाणी उडालेला सदरा, आणि सगळ्यात वर हसू की नको अशा विचारात पडलेला एक चेहरा.

"उचलला. आता ठेवू कुठं?"

"कुठंच नाही. तसेच उभे राहा."

"एका पायावर?"

"बगळे राहतात की. त्यांनी कधी तक्रार केलेली ऐकली नाही मी."

मागे होडीत माकामेकाका खो खो हसत होते. मोठ्या ओहोटीच्या दिवसांत वेशा गावाच्या धक्क्यावरून किदावाला मिसाली बेटाच्या खडकावर आणायचं काम त्यांचं. आज या पाहुण्यालाही त्यांनीच आणून सोडलं होतं, आणि सोडताना काहीएक सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याला अशा गमती आवडत.

किदावाने फरशीवर भिंग धरलं. श्वास रोखून पाहिलं. मग सावकाश सोडला.

"वाचली."

"कोण?"

"पिल्लं. पोवळ्याची. तुमच्या टाचेखाली गेली असती ना, तर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता मी."

"माझे आजोबा इथलेच, चाके-चाकेचे. चार पिढ्या तर तिथल्या कब्रस्तानातच आहेत. जवळच होतं तसं..."

ती हसली. आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

त्याचं नाव झहोर मासूद. वाढलेला दारेसलामला, शिकायला लिस्बनला, आणि समुद्री शेवाळांवर पीएच.डी. करायला आलेला आजोबांच्या बेटावर, पेंबाला. मोसमी वारं फिरेपर्यंत तो इथंच राहणार होता. किदावा खातिबू वेशाच्या छोट्याशा समुद्र-संशोधन केंद्रात कामाला होती. शेजारच्या उंगुजा बेटावर जाऊन पदवी घेतलेली. पुढे शिकायचं होतं, पण त्यासाठी विद्यापीठाची शिष्यवृत्ती हवी होती, आणि शिष्यवृत्तीसाठी स्वतःचं काही काम दाखवायला हवं होतं. काम होतं. तीन वर्षांचं. ते त्या फरशीच्या तुकड्यांवर होतं, आणि ते पाहायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"किदावा..." परतीच्या होडीत तो नाव जिभेवर घोळवून पाहत होता. "म्हणजे चिमूटभर औषध. कशावरचं?"

"आगाऊपणावरचं."

"मग मला रोज घ्यावं लागेल. जेवणाआधी की जेवणानंतर?"

"पोरा," माकामेकाका वल्हं थांबवून म्हणाले, "हे औषध कडू आहे हां. हिच्या बापाला ओळखायचो मी."

चाके-चाकेच्या बाजारात एका गाडीवर ऑक्टोपसचं सार मिळतं — तिखट, लिंबू पिळलेलं, वाफाळतं. त्या गाडीशी उभं राहून सार पिता पिता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. खरं तर तिला कळलं होतं. तो म्हणाला होता, "तुला अजून लिंबू हवंय?" — आणि मग स्वतःच दचकून गप्प झाला होता. तिने कप पुढे केला, आणि म्हणाली, "तू पिळलंस तर हवंय..."

घरी आईच्या नजरेतून काय सुटतंय! तिची आई बी तिमे म्हणजे किनाऱ्यावर समुद्री शेवाळाची शेती करणारी बाई. दोऱ्यांना रोपं बांधता बांधता तिचे डोळे सगळीकडे फिरत असत.

"आजकाल समुद्रावर जायला डोळ्यांत काजळ लागतं वाटतं?"

"ऊन लागतं, आई."

"हो हो. ऊनच. उंच आहे हो तुझं ऊन. बऱ्या घरचंही दिसतंय."

मग एक दिवस किदावाने त्याला ती जागा दाखवली.

मिसालीच्या पश्चिमेला खडकाची एक कड आहे. समुद्र तापला त्या वर्षी तिथलं सगळं पोवळं पांढरं पडलं होतं, हाडांसारखं. पुढे त्या हाडांवर केसाळ हिरवं शेवाळ चढलं, आणि सगळे म्हणाले, संपलं. किदावा मात्र जात राहिली. आणि तिला दिसलं की एका वळचणीला, फिकट जांभळ्या रंगाचं, दगडासारखं कडक एक शेवाळ खडकाला पापुद्र्यासारखं चिकटून राहिलंय. समुद्र तापल्याने त्याचं काही बिघडलं नव्हतं. आणि नवी पिल्लं बसत होती ती फक्त त्याच्यावर.

"पिल्लू पाण्यात तरंगत असतं," ती त्याला सांगत होती, "बसायला जागा शोधत. कुठंही बसत नाही ते. हे शेवाळ त्याला पाट मांडून देतं. ये, बस म्हणतं. मी फरशा लावून पाहिलं... जिथं हे चढलं, तिथंच पिल्लं आली. दरवेळी."

झहोरने चष्मा चढवला. पाण्यात गेला, बराच वेळ आत राहिला, वर आला, पुन्हा गेला. शेवटी वर येऊन त्याने पाण्यातला चष्मा कपाळावर सरकवला, तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"हे कुठल्याच पुस्तकात नाही, किदावा. हे... हे नवंच आहे. याला अजून नावच नाही."

तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर कुणीतरी असं उभं होतं, ज्याला ती काय बोलतेय ते कळत होतं. दिसायला तो बरा होता, बोलायला गोड होता; पण ती प्रेमात पडली ती या क्षणी. बाकी सगळं नंतरचं.

आणि त्याच वेळी पाऊस आला. आभाळ असं एकदम फुटलं की माकामेकाकांनी होडीत डोक्यावर शीड ओढून घेतलं. "खाली चल," झहोर म्हणाला, "पाण्याखाली पाऊस लागत नाही." दोघांनी श्वास भरून घेतला आणि बुडी मारली. खालून वर पाहिलं तर समुद्राचं छत नुसतं टाचण्यांनी टोचल्यासारखं थरथरत होतं, आणि आवाज... तव्यावर तीळ तडतडावेत तसा. त्याने तिचा हात धरला. पाण्याखाली बोलता येत नाही हे किती बरं, असं तिला वाटलं.

वारं फिरायचे दिवस आले. शेवाळ खरोखर नवं आहे हे सिद्ध करायला त्याची जनुकं तपासायला हवी होती, आणि ती सोय पेंबाला नव्हती. किदावाने छिन्नीने स्वतः तुकडे काढले. सगळ्यात मोठा, सगळ्यात देखणा तुकडा तिने दोन दिवस सावलीत वाळवला आणि कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिला. निरीक्षणंही दिली — सगळी. देताना तिचा हात किंचित रेंगाळला, ते त्याने पाहिलं.

"घाबरतेस?"

"नाही..."

"ए. इकडे बघ. शोधनिबंधात दोघांची नावं. तुझं नाव आधी, माझं मागे. शब्द देतो."

"शब्द समुद्रावर दिलेला मोडत नाहीत हं."

"मोडला तर मला एका पायावर उभा कर. जन्मभर!"

लिस्बनहून तो रोज फोन करायचा. तिथली थंडी, तिथले बेचव मासे, बसमध्ये छत्री विसरल्याच्या गोष्टी. "काम कुठवर आलं?" तिने विचारलं की म्हणायचा, "एक गंमत आहे. आत्ता नाही सांगणार."

गंमत घेऊन तो स्वतःच आला. आधी त्याची आत्या आली, चांदीच्या ताटात हलवा आणि मागणी घेऊन. बी तिमेने शेजारच्या चार बायका बोलावून ठेवल्याच होत्या. आणि मग सगळ्यांसमोर झहोरने छापलेला निबंध किदावाच्या हातात ठेवला. त्या जांभळ्या शेवाळाचं लांबलचक लॅटिन नाव मथळ्यातच होतं. त्यातला दुसरा शब्द होता — 'किदावे'.

"तुझ्या नावाचं आहे," तो हळूच म्हणाला. "जगात सगळीकडे. कायमचं."

काय सांगावं, तिला खरोखर आकाश ठेंगणं झालं. बायकांनी तोंडावर हात घेऊन किलकारी मारली. कुणी म्हणालं, माझ्या नवऱ्याने मला कधी गजरा आणला नाही, आणि याने हिचं नाव समुद्राला दिलं! किदावा पानं उलटत होती. मथळ्याखाली एकच नाव होतं: झहोर मासूद. तिचं नाव तिला शेवटच्या पानावर सापडलं, आभारात. होडी चालवल्याबद्दल माकामेकाकांचे आभार, आणि स्थानिक मदतीबद्दल किदावा खातिबू यांचे.

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच पाहत होता, बक्षिसाची वाट पाहणाऱ्या मुलासारखा. सगळं घर पाहत होतं. आमच्याकडे मागणी आली की मुलीने गप्प राहणं हाच होकार. ती गप्प राहिली. बोटात अंगठी आली. काही चुकलं असेल, ती स्वतःला म्हणाली... त्याला विचारू, सवडीने. आनंदाच्या घरात कशाला?

शिष्यवृत्तीची मुलाखत पुढच्याच महिन्यात होती. जहाजाने मुख्य भूमीवर जाऊन ती विद्यापीठाच्या समितीसमोर बसली. मध्ये एक वयस्क प्राध्यापिका होत्या, बोलायला मायाळू.

"बाळ, तुझं स्वतःचं काम कोणतं?"

किदावाने निबंध पुढे केला. बाईंनी चष्मा लावून तो चाळला.

"हे तर मासूद यांचं काम आहे."

"शेवाळ मी शोधलं. फरशा मी लावल्या. निरीक्षणं माझी आहेत, बाई. त्या शेवाळाचं नावही माझंच आहे..."

बाई हसल्या, टोचेल असं नाही. "अगं, नाव तर राण्यांचंही देतात. राण्या काही पाण्यात उतरत नाहीत. तू केलंस असं कुठं लिहिलंय? ते दाखव, आणि तुला घेण्यात मलाच आनंद आहे."

परतीच्या जहाजात तिने एकच विचार घट्ट धरून ठेवला — झहोरच्या दोन ओळी. बस्स. तो एका मिनिटात लिहील.

तो तिला उतरवून घ्यायला आला होता. तिथून ती त्याला थेट वेशाच्या धक्क्यावर घेऊन गेली. रस्त्याकडेला चटयांवर लवंगा वाळत पडल्या होत्या, दुपारचं ऊन त्यांच्या वासाने जड झालं होतं. तिने सगळं सांगितलं. आणि म्हणाली, "दोन ओळी लिही फक्त. की जागा मी दाखवली, निरीक्षणं माझी. एवढंच."

"लिहितो ना! त्यात काय..." तो म्हणाला. मग थांबला. पायाने एक खडा पाण्यात ढकलला. "पण आत्ताच नको. हे वर्ष जाऊ दे. माझी पदवी तोंडावर आहे, किदावा. आत्ता असं लिहिलं तर तिकडे विचारतील, मग यात तुमचं काय?"

"मग काय सांगशील?"

"तसं नाही गं... तू समजून घे. तुझं नाव ठेवायचं, तर तुला लेखकांत घेता येत नव्हतं. स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं असं दिसतं ते. रीत नाही. दोन्हींतलं एकच देता येत होतं मला."

"मग नाव नव्हतं द्यायचं! मिसालीचं द्यायचंस. माकामेकाकांच्या होडीचं द्यायचंस."

"मी प्रेमाने दिलं."

"प्रेमाने विचारलंही असतंस एकदा."

तो दुखावला गेला. खरोखर दुखावला गेला, हे तिला दिसलं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. "मी शब्द पाळला, किदावा. शास्त्रात जातीचं नाव लिहितात, आणि त्याच्यामागे ते ठेवणाऱ्याचं. 'किदावे मासूद'. जिथं जिथं ते लिहिलं जाईल तिथं तुझं नाव आधी, माझं मागे. मला वाटलं होतं, तुला कळेल... किती सुंदर आहे ते."

तो थट्टा करत नव्हता. किदावा त्याच्याकडे पाहत राहिली. या माणसाच्या लाल झालेल्या डोळ्यांवर तिने जीव टाकला होता.

"एक सांग. तुझ्या सरांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"त्यांना... म्हणजे त्यांनी फारसं विचारलंच नाही."

"विचारलं असेल. हा तुकडा कुणी काढला म्हणून. काय सांगितलंस?"

त्याने अजून एक खडा पाण्यात ढकलला.

"सांगितलं की... तिथली एक मुलगी मदतीला होती."

एक मुलगी.

किदावाने अंगठी फिरवली. खाऱ्या पाण्यात काम करून बोटं सुजलेली. अंगठी सांध्यावर अडली, निघेना.

"बघ," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "तिलाच जायचं नाही..."

या वाक्यावर पूर्वी ती हसली असती. तिने बोट तोंडात ओलं केलं, सावकाश, दुखेल तेवढं दुखू देत अंगठी सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"किदावा, मी लिहीन. पदवी झाली की लगेच. शपथेवर सांगतो."

"लिही. ते तुझ्या नावासाठी लिही. माझ्यासाठी थांबू नकोस."

"माझं प्रेम खोटं नव्हतं."

"ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "खोटं असतं तर बरं झालं असतं."

घरी बी तिमेने कपाळ बडवून घेतलं. "अगं मूर्खे! माणसाने तुझं नाव जगाला सांगितलं, आणि तू त्याची अंगठी परत केलीस? लेखक न् बिखक, कुणाला कळतं ते? लोकांना नाव कळतं! आत्याबाईंना मी काय तोंड दाखवू?"

किदावाने समजावून पाहिलं. काम कोणाचं, श्रेय कोणाचं. आईच्या डोक्यावरून सगळं गेलं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "आई, त्या शेवाळाचं पुरं नाव लिहिताना लोक काय लिहितात माहितीय? किदावे मासूद."

दोरीला रोप बांधणारे आईचे हात थांबले.

"मासूद कोण?"

"झहोरच्या बापाचं नाव."

"तुझ्या नावामागे?" बी तिमे उठून उभीच राहिली. आमच्याकडे मुलीच्या नावामागे तिच्या बापाचं नाव असतं. लग्न होवो, तलाक होवो, ते तिथून हलत नाही. "खातिबूने तुला पोहायला शिकवलं. त्याच समुद्रात गेला तो. आणि त्या समुद्राच्या शेवाळावर दुसऱ्याच्या बापाचं नाव?"

"हो."

"ते बदलता येतं?"

"नाही, आई."

बी तिमे खाली बसली. मग दोरी पुन्हा मांडीवर ओढून घेतली आणि आत्याबाईंचं नाव त्या घरात त्यानंतर निघालं नाही.

झहोर गेला त्या आठवड्यात मोठी ओहोटी होती. न जाऊन चालणार नव्हतं. फरशा पाहायला हव्या होत्या. विद्यापीठाने पुढच्या वर्षी पुन्हा ये म्हटलं होतं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं — या खेपेला दुसऱ्या कडेवर, दुसऱ्या प्रश्नावर, आणि कुणाला न दाखवता. माकामेकाका वाटभर नुसते वल्हवत राहिले. थट्टासुद्धा नाही.

ती पाण्यात उतरली. पालथी पडून, भिंग धरून एकेक फरशी पाहत गेली. जांभळा पापुद्रा पसरला होता. त्याच्यावर नवी पिल्लं होती, मोहरीएवढी, खूप. सुंदर दिसत होती. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि काही वेळाने तिला दिसेनासं झालं. काचेच्या आत पाणी साचलं होतं. पाण्याखाली डोळे पुसता येत नाहीत. ती उठून उभी राहिली, चष्मा काढून रिकामा केला, पुन्हा चढवला, आडवी झाली. थोड्या वेळाने पुन्हा उठली.

तिसऱ्यांदा उठली तेव्हा माकामेकाकांनी होडी जवळ आणली.

"गळतोय वाटतं चष्मा?"

"हो, काका."

"जुना झाला असेल."

"हो."

म्हाताऱ्याने खांद्यावरचं कोरडं फडकं काढून तिच्याकडे फेकलं, आणि होडी वळवून दुसरीकडे तोंड करून बसला.

"घे सावकाश," तो समुद्राकडे पाहत म्हणाला. "भरतीला अजून वेळ आहे."